कारभाऱ्याचे शिक्षण आणि बाळंतिणीचा जीव



आज आपण बाळंतपणाविषयी बोलणार आहोत, आणि बोलणे आहे ते मुख्यतः पुरुषांशी. हे ऐकताच काही मंडळी म्हणतील, "मास्तर, हा बायामाणसांचा मामला. यात आमचं काय काम?" माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. बाळंतपण बाईचे, हे खरे. पण दवाखान्यात कधी न्यायचे, गाडी कोणाची सांगायची, पैसा कोठून उभा करायचा, कागदावर सही कोणी करायची, हे आपल्या घरांतून बहुधा पुरुषच ठरवतो. ज्याच्या हाती निर्णय, त्याला त्या विषयाची माहिती नको काय?

असे पाहा. आपल्या मुदखेड, बारड, भोकर भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, "गाय कधी फळली?" तो दिवस सांगेल. "कधी विणार?" तेही सांगेल. गाभण गाईला तो जड कामाला लावणार नाही, तिच्यापुढे पेंड-सरकीची वेगळी पाटी ठेवील, आणि दिवस भरत आले की रात्री दोनदा उठून गोठ्यात डोकावेल. आता त्याच माणसाला विचारा, "घरातल्या बाईचे दिवस कधी भरतात?" तो म्हणेल, "ते आईला ठाऊक." गाईचे गर्भारपण सुमारे २८० दिवसांचे असते. बाईचेही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले, तर तेवढेच, २८० दिवस. हिशेब एकच आहे. एक त्याला पाठ आहे, दुसरा नाही. हा दोष बुद्धीचा नव्हे. पहिला हिशेब त्याला बापाने शिकवला, दुसरा कोणी शिकवलाच नाही.

आपल्या देशात, शेजारच्या नेपाळ-बांगलादेशात आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत घरोघर जाऊन आरोग्याच्या पाहण्या झाल्या आहेत. त्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली. नवरा शिकलेला असेल तर गरोदर बायकोची तपासणी अधिक वेळा होते, आणि तिचे बाळंतपण दवाखान्यात, शिकलेल्या हातांनी होण्याचा संभव अधिक असतो. मात्र येथे घाईने निष्कर्ष काढू नये. शिकलेल्या माणसाच्या घरी बहुधा दोन पैसे अधिक असतात, आणि त्याची बायकोही बहुधा शिकलेली असते. तेव्हा सगळे श्रेय नवऱ्याच्या शाळेला देता येणार नाही. बाईच्या स्वतःच्या शिक्षणाची सर दुसऱ्या कशालाही नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. पण एवढे वजा केल्यावरही नवऱ्याच्या शिक्षणाचा काही वाटा उरतोच. तो कोणत्या वाटेने घरात पोहोचतो, ते पाहू.

पहिली वाट म्हणजे लग्नाचे वय. जो मुलगा शिकतो, त्याचे लग्न लांबते, आणि तो बहुधा शिकणारी, वयाने मोठी मुलगी पाहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे २२ जणींचे लग्न अठरा पुरे होण्याआधीच झालेले आढळले. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. जिच्या हाडांची वाढ पुरी झालेली नाही, जिच्या अंगात रक्त भरलेले नाही, तिच्यावर बाळंतपण आले की दोन जीव एकदम टांगणीला लागतात.

दुसरी वाट वाचण्याची. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून माता आणि बालकाचे कार्ड मिळते. त्यावर तिचे वजन, रक्तदाब, अंगातल्या रक्ताचे प्रमाण, पुढच्या तपासणीची तारीख, सारे लिहिलेले असते. अनेक घरांत ते कार्ड धान्याच्या कोठीवर, नाहीतर देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलेले सापडते. शिकलेला नवरा ते काढून वाचतो, निदान वाचू शकतो. हिमोग्लोबिन सातच्या खाली लिहिलेले असेल, तर ही साधी अशक्तता नव्हे, धोका आहे, हे त्याला कळू शकते.

तिसरी वाट बोलण्याची. मोठ्या दवाखान्यात गेल्यावर अडाणी माणूस बुजतो. कोणत्या खिडकीवर चिठ्ठी काढायची, डॉक्टरांना काय विचारायचे, नर्सबाई रागावतील काय, या धाकाने तो भिंतीला टेकून उभा राहतो. शाळा शिकलेला माणूस निदान विचारतो. घरातही तसेच आहे. सासूबाई म्हणतात, "जास्त खाऊ नकोस, लेकरू मोठं झालं तर अडशील." कोणी म्हणते, "त्या लाल गोळ्या उष्ण पडतात." सून यावर बोलू शकत नाही. मुलगा बोलू शकतो. आईचा मान राखून तो म्हणू शकतो, "आई, तुझ्या वेळी गोळ्या नव्हत्या, आता आहेत. खाऊ दे तिला." एवढे एक वाक्य पुष्कळ काम करते.

चौथी वाट वेळेची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ साली गरीब देशांतल्या मातामृत्यूंचा विचार करून तीन दिरंगाया सांगितल्या. पहिली, दवाखान्यात न्यायचे हे ठरवण्यातली. दुसरी, तेथे पोहोचण्यातली. तिसरी, पोहोचल्यावर उपचार मिळण्यातली. यातली तिसरी डॉक्टरांची व शासनाची जबाबदारी, दुसरी रस्त्याची आणि गाडीची. पहिली मात्र पुष्कळ अंशी घरधन्याची.

आपले मुदखेड फुलांसाठी प्रसिद्ध आहे. पहाटे अंधारात बाया फुले तोडायला मळ्यात जातात. फुले वेळेवर बाजारात गेली तर त्यांचे पैसे, दुपार झाली की पाचोळा. म्हणून गाडी गाठण्यासाठी इथला शेतकरी घड्याळाकडे पाहून धावतो. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव सुरू झाला, तर बाई दोन तासांतही दगावू शकते. फुलांच्या तासाची किंमत ओळखणाऱ्याने हे दोन तास ओळखायला नकोत काय? मुदखेडहून नांदेड वीस-पंचवीस किलोमीटर. तेथे १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रस्ता तासाभराचा, पण "सकाळपर्यंत वाट पाहू" या विचारात रात्र निघून जाते, आणि सकाळ होते ती काळी होते.

श्रोते हो, आता थोडे मागे जाऊ. यमुना नावाची कल्याणची एक मुलगी, जन्म १८६५ सालचा. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. चौदाव्या वर्षी ती बाळंत झाली. मूल दहा दिवसच जगले. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचते, ही गोष्ट त्या मुलीच्या मनाला लागून राहिली. गोपाळरावांनी तिला शिकवायचे हे लग्नापासूनच ठरवले होते. पुढे तीच डॉक्टर आनंदीबाई जोशी. १८८३ साली ती एकटी अमेरिकेला गेली आणि १८८६ साली वैद्यकाची पदवी घेतली. पदवीसाठी तिने निबंध लिहिला तो प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. दुर्दैव असे, की परत येऊन कामाला लागण्यापूर्वीच १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी ती पुण्यात वारली.

या कथेत गोपाळरावांचा वाटा फार मोठा आहे, तो नाकारता येत नाही. परंतु त्यांच्या आग्रहाला कठोरपणाची, प्रसंगी मारहाणीचीही धार होती, हे आनंदीबाईंच्याच पत्रांतून दिसते. म्हणून या कथेचा बोध दुहेरी आहे. शिकलेला नवरा बायकोसाठी जगाचे दार उघडू शकतो. पण तोच शिकलेला नवरा तिला विचारात न घेता तिच्या आयुष्याचा धनीही होऊन बसू शकतो.

दुसरे उदाहरण जोतीराव फुल्यांचे. त्यांनी सावित्रीबाईंना घरी शिकवले आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्यापुढची गोष्ट तितकी सांगितली जात नाही. १८६३ साली या पतिपत्नींनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी तेथे यावे, निर्धास्त बाळंत व्हावे, आणि मूल सोबत न्यावे किंवा तेथे ठेवावे, अशी सोय होती. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. नवरा शिकला, त्याने बायकोला शिकवले, आणि दोघांचे शिक्षण मिळून परक्या बाळंतिणीच्या उशाशी जाऊन बसले. शिक्षण म्हणतात ते हे.

कोणी म्हणेल, आता काय, शाळा गावोगाव झाल्या, पोरे पदवीधर झाली, प्रश्न सुटला. नाही सुटला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली ८९४ होत्या, आणि बीड जिल्ह्यात अवघ्या ८०७. गर्भातली मुलगी ओळखण्यासाठी यंत्र लागते, पैसा लागतो, ओळख लागते. हे काम केवळ अडाण्यांचे नव्हे. त्यात शिकलेली घरे होती, आणि चाचणी करणाऱ्यांजवळ तर पदव्याच होत्या. पुन्हा पुन्हा गर्भ पाडल्याने त्या आयांच्या शरीराची काय दशा झाली असेल, याचा विचार करा.

तसेच दुसरे. ऊसतोडीला जोडपे जाते, त्याला आपण 'कोयता' म्हणतो. नवराबायको मिळून एक कोयता, आणि उचल घेतो तो नवरा. बाईने एक दिवस खाडा केला तर पैसे कापले जातात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न एवढा गाजला, की शासनाला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. पाळीचा त्रास नको, खाडा नको, म्हणून पिशवी काढायची, हा हिशेब घरात मांडला जातो तेव्हा नवऱ्याला एवढे तरी ठाऊक हवे, की पिशवी काढणे म्हणजे दाढ उपटणे नव्हे. त्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, आणि सर्वांत आधी जिची पिशवी तिचे मत घ्यावे.

म्हणजे नुसती पदवी पुरत नाही. मग अक्षरही न येणाऱ्याने काय करावे? त्याच्यासाठी जामखेडची गोष्ट सांगतो. डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गाव आपल्या मराठवाड्याच्या उंबऱ्यावरचे, तसेच कोरडवाहू, तसेच दुष्काळी. त्यांनी प्रथम पुरुषांची शेतकरी मंडळे बांधली. पुरुष यायचे ते शेती, पाणी, जनावरे यांविषयी बोलायला. तेथेच हळूहळू गावच्या आरोग्याचा विषय निघू लागला. मग गावातल्याच बाया निवडून त्यांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या पुष्कळजणींना लिहितावाचता येत नव्हते, तरी त्या गरोदर बाईची तपासणी करायला, धोका ओळखायला, सुरक्षित बाळंतपण करायला शिकल्या. निरक्षर बाईला जे शिकता आले, ते निरक्षर नवऱ्याला का येऊ नये?

नेपाळात तर याची रीतसर परीक्षाच झाली. काठमांडूच्या प्रसूतिगृहात ४४२ गरोदर स्त्रियांचे तीन गट केले. एका गटाला नवऱ्यासह आरोग्यशिक्षण दिले, दुसऱ्या गटात एकट्या बाईला, तिसऱ्याला वेगळे काही दिले नाही. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. नवऱ्यासह शिकलेल्या स्त्रिया बाळंतपणानंतरच्या तपासणीला एकट्या शिकलेल्या स्त्रियांपेक्षा अधिक संख्येने आल्या. बाळंतपणाची आगाऊ तयारी करण्याचे प्रमाण तर तिसऱ्या गटाच्या जवळजवळ दुप्पट भरले. तेथे कोणाला पदवी दिली नव्हती. थोडा वेळ नवऱ्याला बायकोशेजारी बसवून चार गोष्टी सांगितल्या होत्या, इतकेच.

त्या चार गोष्टी आपणही आज ऐकून ठेवू.

एक: पाळी चुकली की नोंद करा, तपासण्या चुकवू नका. बाळंतपणापूर्वी निदान चार तपासण्या झाल्याच पाहिजेत. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांतून गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून तपासणी ठेवलेली असते. त्या दिवशी बायकोबरोबर स्वतः जा. मळ्यातली फुले तेवढा एक दिवस दुसऱ्या कोणाला तोडायला सांगा.

दोन: रक्त आणि पोट. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. लोहाची गोळी रोज एक, याप्रमाणे निदान १८० दिवस घ्यायची. ती चहाबरोबर घेऊ नये. शौचाला काळी झाली तर भिऊ नये. आणि घरात सर्वांचे जेवण उरकल्यावर खरवडून उरेल ते सुनेने खायचे, ही रीत मोडा. तुम्ही ताटावर बसताना तिला शेजारी बसवा. याला ना पैसा लागतो, ना कायदा.

तीन: धोक्याच्या खुणा पाठ करा. अंगावरून रक्त जाणे, डोके भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर व हातांवर सूज, झटके, ताप, कळा येण्याआधीच पाणी जाणे, पोटातल्या बाळाची हालचाल मंदावणे, बारा तास उलटूनही सुटका न होणे. यांतली एक जरी दिसली, तरी आईला, मामाला, देवऋषाला विचारत बसू नका. १०२ किंवा १०८ या क्रमांकावर फोन करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे आणि ने-आण मोफत, अशी योजना २०११ पासून आहे. तरीही गाडी कोणाची, रक्त कोण देणार, घरच्या लेकरांपाशी कोण राहणार, हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा. पहिले बाळंतपण आपल्याकडे माहेरी होते. तेव्हा पोटुशी बायकोला आईवडिलांकडे पाठवताना साडीचोळीबरोबर ते कार्डही पाठवा, आणि सासऱ्यांशी या खुणा बोला. तेही पुरुषच आहेत.

चार: मूल जन्मले म्हणजे काम संपले, असे समजू नका. पहिले दोन दिवस फार जोखमीचे, आणि त्यापुढे सहा आठवडे जपायचे. पेढे वाटायला गावभर फिरण्याआधी बाळंतिणीच्या अंगाला ताप नाही ना, रक्त जास्त जात नाही ना, ते विचारा. दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवा. आणि पाळणा थांबवायचा झाला, तर ती पाळी दर वेळी बायकोवरच का? त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत बाईची शस्त्रक्रिया झालेली शेकडा ३७.९ आणि पुरुषाची झालेली शेकडा ०.३ आढळली. पुरुषाची शस्त्रक्रिया लहान, बिनटाक्याची, त्याच दिवशी घरी जाण्यासारखी. पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते, एवढेच. तिने ताकद जात नाही. महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२१ सालीच संततिनियमनाचे काम आरंभले आणि त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली. शंभर वर्षे उलटली, तरी पुरुषाची भीती गेली नाही.

आता गुरुजनांना दोन शब्द. आपल्या वर्गात बसलेला मुलगा दहा वर्षांनी कोणाचा तरी नवरा होणार आहे. शरीरशास्त्राचा धडा आला की मुलींना तो घरी वाचायला सांगून आपण पान उलटतो, असे करू नये. मुलांना तो गंभीरपणे, हसू न येऊ देता शिकवावा. पालकसभेत आशाताईंना आणि नर्सबाईंना बोलवावे, आणि सभेला बाप यावेत असा आग्रह धरावा. ग्रामसभेत रस्त्याचा, पाण्याचा विषय निघतो, तसा गावातल्या गरोदर बायांच्या तपासणीचाही निघावा. शिक्षकाचा शब्द गावात अजून ऐकला जातो.

२०१८-२० च्या नोंदींप्रमाणे देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. पूर्वीच्या मानाने ही मोठी सुधारणा आहे, आणि तिचे श्रेय डॉक्टर, परिचारिका, आशाताई आणि शिकू लागलेल्या मुली या सर्वांचे आहे. पण त्या तेहतिसांतली एखादी बाई ज्या घरातून जाते, त्या घरात आकडा नसतो. तेथे रिकामी चूल असते आणि दुधासाठी रडणारे लेकरू असते. त्यांतल्या कित्येकींना वेळेवर उचलले असते तर त्या वाचल्या असत्या.

म्हणून कारभाऱ्यांनो, शेवटचे सांगणे एवढेच. तुमची शाळा चौथीची असो की कॉलेजची, तुमच्या बायकोच्या जिवाला उपयोगी पडेल एवढे शिक्षण चार घटकांत होण्यासारखे आहे. ते शिका. मग तिलाही विचारा, "तुला काय वाटतं?" तिचे शरीर ती जाणते. तुमच्या शिक्षणाने तिच्या बोलण्याला घरात जागा करून दिली, तर ते कामी आले असे समजा.